गांदोची शाळा

मातीच्या घरांविषयी लिहायला बसले की सूर आपोआप हळवा होतो. माझाही होत असे. आजोळच्या सारवलेल्या ओट्याची आठवण पुढे करून सिमेंटला नावे ठेवणे सोपे असते. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातल्या गांदो नावाच्या खेड्यातील शाळेचा अभ्यास करताना मात्र हा हळवेपणा मला बाजूला ठेवावा लागला. कारण मातीची शाळा तिथल्या गावकऱ्यांनाच नको होती.

दिएबेदो फ्रान्सिस केरे हा गांदोच्या गावप्रमुखाचा मुलगा. गावात शाळा नव्हती, म्हणून सातव्या वर्षी त्याला घर सोडून तेंकोदोगो या गावी जावे लागले. तिथल्या कोंदट, तापलेल्या वर्गात शंभराहून अधिक मुले दाटीवाटीने बसत. 1985 मध्ये सुतारकामाची शिष्यवृत्ती मिळवून तो जर्मनीला गेला आणि पुढे बर्लिनमध्ये वास्तुकला शिकू लागला. शिकत असतानाच त्याने आपल्या गावात शाळा बांधण्यासाठी पैसे जमवले आणि माती वापरायचे ठरवले.

गावकरी नाराज झाले. परदेशात शिकलेल्या मुलाकडून त्यांना काँक्रीटच्या इमारतीची अपेक्षा होती. मातीची भिंत पावसाळ्यात कशी विरघळते आणि दरवर्षी तिची डागडुजी किती करावी लागते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांच्या विरोधाला मी आधी अज्ञान समजत होतो. प्रत्यक्षात त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता.

केरे यांनी हा अनुभव खोडून न काढता त्याला उत्तर शोधले. स्थानिक चिकणमातीत थोडेसे सिमेंट मिसळून ती साच्यात दाबून विटा पाडल्या. वर्गांवर विटांचेच छत घातले आणि त्यात हवा जाण्यासाठी फटी ठेवल्या. त्याच्या वर, बरेच अंतर सोडून, लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर पत्रे चढवले. तापलेल्या पत्र्याची धग खाली वर्गात उतरत नाही. वर्गातली गरम हवा छतातून वर जाते आणि मधल्या पोकळीतून वाऱ्याबरोबर निघून जाते. पत्रा भिंतीच्या बराच पुढे आल्यामुळे पावसाचे पाणी मातीला लागत नाही. म्हणजे ही ‘शुद्ध’ मातीची इमारत नव्हेच. माती टिकावी म्हणून तिच्या मदतीला सिमेंट, लोखंड आणि पत्रा आले आहेत.

बांधकामाला अख्खे गाव राबले. मुलांनी पायासाठी दगड आणले, बायकांनी पाणी वाहिले. मोठी यंत्रे आणणे शक्य नव्हते, म्हणून गावातल्या माणसांनीच करवतीने सळ्या कापायला आणि छोट्या यंत्रावर त्या जोडायला शिकून घेतले. जमीन मात्र जुन्याच पद्धतीने झाली. बायकांनी ओळीने उभे राहून ती तासन्‌तास चोपली आणि मग दगडाने घोटून गुळगुळीत केली.

2001 मध्ये शाळा उभी राहिली. 2004 मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि 2022 मध्ये केरे प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले आफ्रिकी वास्तुकार ठरले. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही की बांधकामात हाताला आलेले कसब गावाकडेच राहिले. शाळा पुढे वाढली, शिक्षकांसाठी घरे झाली.

माती स्वस्त असते, पण फुकट नसते. तिची किंमत कोणाच्या तरी श्रमात मोजावी लागते. गांदोच्या शाळेने हे श्रम नाकारले नाहीत; ते एकदा नीट, सगळ्यांनी मिळून केले आणि वर छप्पर असे घातले की दर पावसाळ्यात ते वाहून जाऊ नयेत. आजोळच्या ओट्याची आठवण काढताना तो पुन्हा पुन्हा सारवणाऱ्या मामीचे हात मी नेहमी विसरत आलो होतो.