सीआरपी नॉर्मल आला तरी गाठ दाखवाच



वर्षावासातलं ग्रंथवाचन आटोपलं आणि हर्सूलच्या एका ताईंनी पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. "सीआरपी वाढलाय. सी म्हणजे कॅन्सरच ना?" शेजारच्या ताईंचं उलटं. स्तनात चार महिन्यांपासून गाठ, दुखत नाही, रक्त तपासलं तर सगळं नॉर्मल, म्हणून त्या निर्धास्त. मला खरी काळजी वाटली ती या दुसऱ्या ताईंची.

सीआरपीमधल्या 'सी'चा कॅन्सरशी संबंध नाही. हे प्रथिन 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूवरच्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटतं, म्हणून हे नाव. शरीरात कुठेही दाह झाला, म्हणजे आतून सूज आली, की यकृत सीआरपी तयार करतं. दाढ किडली, लघवीचा संसर्ग झाला, टीबी किंवा संधिवात असला तरी तो वाढतो. वजन जास्त असेल तरी थोडा वाढलेला असतो. ईएसआर तर अंगात रक्त कमी असलं तरी वाढतो, आणि आपल्या किती बायांच्या अंगात रक्त कमी असतं ते सांगायला नको.

मग डॉक्टर मंडळी कर्करोगात हे आकडे का पाहतात? कर्करोगाच्या गाठीभोवतीही दाह असतो. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट अशा दोन पांढऱ्या पेशींचे आकडे असतात. न्यूट्रोफिल 72 आणि लिम्फोसाइट 24 असतील, तर 72 भागिले 24, म्हणजे 3. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांचा अभ्यास केल्यावर दिसलं की ज्यांचा हा भागाकार जास्त, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण सरासरीने जास्त. पण ही झाली सरासरी. एका बाईचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. स्टेरॉइड घेतलं किंवा केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं, तरी आकडा बदलतो. उपचार ठरतात ते गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि बायोप्सीच्या तपासण्या पाहून. घरी बसून भागाकार करत जीव टांगणीला लावू नका.

गाठ लवकर सापडते ती हाताने तपासल्यावर. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांचे स्तन खास शिकवलेल्या महिला कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासत. 2021 साली निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या बायांमध्ये आजार आधीच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यू तसे घटले नाहीत, पण म्हणून चाळिशीतली गाठ अंगावर काढायची नाही.

हर्सूलहून आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या, महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा, यांवरूनच निदान होतं. स्तन लाल, गरम झाला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली आणि गोळ्यांचा कोर्स संपूनही उतार नाही, तर तेही लगेच दाखवा. कर्करोगाचा एक प्रकार असाच, गळू झाल्यासारखा दिसतो.

एका बाबतीत मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे डोळेझाक नको. केमो चालू असताना त्या खूप घटतात. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी पेशंटला दवाखान्यात न्या आणि केमो चालू आहे हे आधी सांगा.