इंजिनाचा श्वास आणि धुळीचा फास

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. अशा शर्यतीत मातीच्या उंचवट्यांवरून झेपावणाऱ्या मोटारसायकली पाहताना प्रेक्षकांची नजर स्वाराच्या कसरतीवर खिळलेली असते. पुढच्या गाडीने उडवलेली धूळ मागच्या गाडीच्या इंजिनात शिरू पाहते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिला अडवण्याचे काम ओंजळीत मावेल एवढा फोमचा, म्हणजे स्पंजाचा, एक तुकडा करीत असतो. हाच डर्ट बाइकचा एअर फिल्टर होय. त्याची निगा राखणे अवघड नाही. मात्र ती चुकीच्या पद्धतीने राखली, तर न राखण्याइतकेच नुकसान होते.

इंजिनाला पेट्रोलपेक्षा हवाच अधिक लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवेची गरज असते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. २५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांनी पूर्ण थ्रॉटलवर चालत असेल, तर ते एका मिनिटात जवळपास एक हजार लिटर हवा ओढते. ती हवा फुफाट्यातील असेल, तर तिच्याबरोबर मातीचे सूक्ष्म कणही येतात. त्यांतील सिलिका साध्या पोलादाहून कठीण असते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असल्याने तेथे शिरलेली धूळ पॉलिश पेपरसारखे काम करते. रिंगा झिजतात, सिलिंडरवर ओरखडे उठतात, कॉम्प्रेशन घटते आणि अखेर इंजिन खोलण्याची वेळ येते. तो खर्च फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

कोंडलेला बोलतो, गळका बोलत नाही

फिल्टर कोंडला की गाडी तक्रार करू लागते. तिची ओढ कमी होते. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे प्रमाण वाढून काळा धूरही येऊ लागतो. अशा वेळी आपण गॅरेज गाठतो. याउलट फिल्टर फाटलेला, तेलाविना कोरडा किंवा नीट न बसलेला असेल, तर इंजिनाला हवा भरपूर मिळते आणि गाडी झकास पळते. नुकसान उमगते ते सुरू होण्यास कुरकुर करणाऱ्या इंजिनातून आणि निळसर धुरातून. पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणूनच फिल्टर स्वच्छ दिसणे पुरेसे नाही, तो धूळ अडवतो आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे.

फोमची छिद्रे धुळीच्या कणांपेक्षा बरीच मोठी असतात. धूळ अडते ती फोममध्ये मुरवलेल्या चिकट तेलामुळे. तेव्हा फोम धुणे हे अर्धेच काम असते. तेल लावल्यावरच ते पूर्ण होते.

सफाईची रीत

प्रथम फिल्टरच्या झाकणाभोवतीची माती पुसून घ्यावी. काही गाड्यांत फिल्टर आसनाखाली असतो, तर काहींत बाजूच्या झाकणामागे. तो काढताना माती आत सांडू देऊ नये आणि इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीचे तोंड लगेच स्वच्छ कापडाने झाकावे. त्याआधी नळीच्या आतून बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली, तर फिल्टर गळका आहे असे समजावे.

फोम त्याच्या जाळीवरून हलकेच उतरवावा. जुने तेल काढण्यासाठी फिल्टरचा खास क्लीनर उत्तम. पेट्रोल मात्र कटाक्षाने टाळावे. गॅरेजमध्ये सर्रास दिसणारी ही सवय आगीला निमंत्रण देते, शिवाय फोमचे जोड सांधणारा गोंदही सैल करते. हातमोजे घालून फोम क्लीनरमध्ये दाबावा व सोडावा. तो पिळू नये, कारण पिळल्याने जोड फाटतात. नंतर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात तो धुवावा आणि आतून बाहेर पाणी सोडून, ते स्वच्छ निघेपर्यंत खळबळावा. वापरलेले क्लीनर गटारात ओतू नये.

फोम सावलीत पूर्ण वाळू द्यावा. घाईने हेअर ड्रायर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नये. वाळल्यावर उजेडात धरून पाहावा. चीर, उकललेला जोड किंवा बोटांखाली भुगा होणारा फोम आढळल्यास दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवा बसवावा.

तेल फोम फिल्टरसाठीचेच हवे. साधे इंजिन ऑइल खाली ओघळून वरचा भाग कोरडा पडू शकतो. फोम प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावर तेल ओतावे आणि सर्वत्र एकसारखा रंग दिसेपर्यंत पिशवीवरूनच हलक्या हाताने मळावा. जास्तीचे तेल दाबून काढावे. फोम जाळीवर चढवून, त्याच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्यावा. शेवटी फिल्टर जागेवर ठेवून कड सर्व बाजूंनी टेकल्याची खात्री करावी आणि मगच बोल्ट आवळावा.

केव्हा करावे?

मोटोक्रॉसचे स्वार प्रत्येक सरावानंतर फिल्टर बदलतात. त्यासाठी तेल लावलेले दोन-तीन फिल्टर पिशवीत तयार ठेवण्याची पद्धत आहे. हौसेखातर सुटीच्या दिवशी कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्यांनी धुळीच्या प्रत्येक फेरीनंतर निदान झाकण उघडून पाहावे. ओढा ओलांडताना पाणी वर आले असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

रोजच्या वापरातील बहुतेक दुचाकींत मात्र कागदी फिल्टर असतो. त्याला ही रीत लागू नाही. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. त्यातही जो मुळातच तेलकट असतो, त्यावर हवासुद्धा मारायची नसते. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या अंतरानंतर, आणि धुळीच्या भागात त्याहून लवकर, तो बदलणे एवढेच आपल्या हाती असते. तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने ‘हवा मारून साफ केला’ असे सांगितले, तर समाधान मानण्याऐवजी तो फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी विचारावे.