बोलावू तेव्हा या

ओळख ना पाळख : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण रस्त्यावरच्या अपघातापाशी थांबलो होतो. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यामागे चौकशीचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, त्याची गोष्ट आपण पाहिली. तिथे मदत करणारा आणि जखमी, दोघेही एकाच रस्त्यावर होते. आज अशा दोन माणसांकडे वळू, जी बहुतेक वेळा एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. तरी एकाचा जीव दुसऱ्याच्या कोपरातल्या शिरेवर अवलंबून असतो.

असा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे साडेअकरा. जिल्ह्याच्या गावातली रक्तपेढी. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या एका बाईसाठी दोन पिशव्या हव्या आहेत. कागदावर तिचा गट ‘ओ पॉझिटिव्ह’. ओ गट काही दुर्मीळ नाही. फ्रिजमध्ये आठ पिशव्या आहेत. ड्यूटीवरचा टेक्निशियन पहिल्या पिशवीतलं थोडं रक्त तिच्या रक्तद्रवाशी क्रॉसमॅच करतो. नळीत लाल कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. जुळत नाही. दुसरी पिशवी, तेच. तिसरी, चौथी, तेच. बाहेर बाकावर बसलेला नवरा दारातून विचारतो, “साहेब, ओ पॉझिटिव्ह आहे ना तुमच्याकडे?” आहे. आठ पिशव्या आहेत आणि त्यातली एकही चालणार नाही.

अनुभवी टेक्निशियन अशा वेळी स्वतःशीच म्हणतो : बॉम्बे तर नाही?

शाळेत आपण चार रक्तगट शिकलो : ए, बी, एबी आणि ओ. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली या वर्गवारीचा पाया घातला. शाळेत राहून जातं ते एवढंच, की ए किंवा बी तयार होण्याआधी तांबड्या पेशीवर एक बैठक तयार व्हावी लागते. तिचं नाव ‘एच’. अंगठीचं कोंदण असतं ना, तसं समजा. या कोंदणात एका प्रकारच्या साखरेचा खडा बसला की ए गट, दुसऱ्या प्रकारचा बसला की बी. काही कोंदणांत हा, काहींत तो, असं झालं की एबी. खडाच नाही, नुसतं कोंदण, तो ओ.

बॉम्बे गटाच्या माणसाकडे कोंदणच नसतं. आईवडिलांकडून ए किंवा बीचा खडा वारशाने आलेला असला तरी तो बसणार कशात? त्यामुळे अँटी-ए आणि अँटी-बी या नेहमीच्या दोन द्रावणांनी तपासलं की हे रक्त हुबेहूब ओसारखं दिसतं. फसगत होते ती इथेच. ज्या शरीराने कोंदण कधी पाहिलेलंच नाही, त्याला ओचं रिकामं कोंदणसुद्धा परकं वाटतं. ओचं रक्त चढवलं तर त्याच्या रक्तातली अँटी-एच प्रतिपिंडं आलेल्या पेशी शिरेतच फोडू लागतात. थंडी वाजून येते, कंबर दुखते, लघवी लाल होते. वेळीच थांबवलं नाही तर मूत्रपिंडं निकामी होतात, माणूस दगावतोही.

हे कोडं मुंबईत सुटलं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे यांना असं, कशाशीच न जुळणारं रक्त आढळलं. डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि इंग्लंडमधले संशोधक यांच्यासह त्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याची माहिती छापली. १९५७ साली मुंबईत रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं. तीच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, केईएमच्याच आवारातली. शहराचं नाव १९९५ साली मुंबई झालं, रक्तगटाचं मात्र बॉम्बेच राहिलं.

भारतात साधारण १० हजारांत १ माणूस या गटाचा असतो असं मानतात; युरोपात १० लाखांत १. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. नुसता भागाकार केला तरी १२००च्या आसपास माणसं निघतात. म्हणजे सकाळच्या गच्च भरलेल्या दर दोन-तीन लोकलमागे एक. तो दारात लटकलेला असेल नाहीतर चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला असेल. आपण बॉम्बे गटाचे आहोत हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसण्याची शक्यता जास्त. त्याच्या कार्डावरही ‘ओ’च लिहिलेलं असणार.

शोध सुरू होतो तो घरातून. कोंदण न घडवणारं जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही यावं लागतं. म्हणून रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा गट असण्याची शक्यता चारात एक इतकी असते. बाहेर १० हजारांत १, घरात ४ मध्ये १! मामाची मुलगी करण्याची रीत जिथे आहे तिथे आजी-आजोबांकडचं एकच जनुक दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा संभव वाढतो. म्हणून टेक्निशियनचा नातेवाइकांना पहिला प्रश्न असतो : “पेशंटला सख्खे भाऊ-बहीण किती? कुठे असतात?” रक्ताचं नातं ही इथे नुसती बोलण्याची पद्धत उरत नाही. पण भाऊ परदेशात असतो, बहिणीचं हिमोग्लोबिन कमी असतं, किंवा चारात एक हा हिशोब नेमका या घरात जुळत नाही. मग ओळख ना पाळख असलेल्या माणसाकडे वळण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्याला शोधायचं कसं?

आपली पहिली धाव मोबाईलकडे. ‘अर्जंट! बॉम्बे ब्लड ग्रुप हवा. कृपया जास्तीत जास्त पुढे पाठवा.’ खाली एक फोन नंबर. असा निरोप तुम्हालाही आला असेल आणि तुम्ही तो पुढे ढकललाही असेल. ढकलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या निरोपावर तारीख नसते, कधी रुग्णालयाचं नावही नसतं. रुग्ण बरा होऊन घरी जातो किंवा जात नाही, निरोप मात्र फिरतच राहतो. महिन्यांनी, कधी वर्षांनीही त्या नंबरवर फोन येत राहतात. ज्या घरात माणूस गेला, त्या घरातल्या कुणाला तरी दर वेळी नव्याने सांगावं लागतं, की आता गरज नाही. निरोप सुरू करायला एक बोट पुरतं, थांबवायला कुणीच नसतं.

दुसरा मार्ग यादीचा आणि तो इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. १९६०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने इंग्लंडमध्ये दुर्मीळ गटांच्या दात्यांची आंतरराष्ट्रीय सूची सुरू झाली. आपल्याकडे बेंगळुरूच्या संकल्प इंडिया फाउंडेशनने बॉम्बे गटासाठी खास संकेतस्थळ उभं केलं. वरवर पाहता दोन्ही मार्ग सारखेच, अनोळखी माणसाला साद घालणारे. फरक असा, की यादीच्या मागे एक माणूस बसलेला असतो आणि त्याचं निम्मं काम लोकांना थांबवण्याचं असतं.

हे उलटं वाटेल, पण हिशोब करून पाहा. समजा, एका शहरात बॉम्बे गटाचे पाच ठाऊक असलेले दाते आहेत. रुग्णाला दोन पिशव्या हव्यात. हाक ऐकून पाचही जण धावले आणि पाचांनीही रक्त दिलं. दोन पिशव्या वापरल्या गेल्या. उरलेल्या तीन २ ते ६ अंश तापमानात ठेवल्या तरी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात. तेवढ्यात दुसरा बॉम्बे रुग्ण आला नाही तर त्या वाया जातात, किंवा ज्याला साध्या ओने भागलं असतं अशा कुणाला दिल्या जातात. आणि नियमाप्रमाणे पुरुषाला ९० दिवस, स्त्रीला १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही. म्हणजे पुढचे तीन महिने त्या शहरात एकही दाता नाही. दहाव्या आठवड्यात कुणाचा अपघात झाला तर? पाच भल्या माणसांचा भलेपणा सहाव्याच्या मुळावर आलेला असतो.

गोठवून ठेवण्याची सोय आहे. ग्लिसरॉल मिसळून उणे ६५ अंशांखाली ठेवलेल्या तांबड्या पेशी १० वर्षं टिकतात. पण अशी यंत्रणा फार थोड्या ठिकाणी असते. म्हणून हा साठा फ्रिजमध्ये नाही, चालत्याबोलत्या माणसांतच ठेवावा लागतो.

त्यामुळे या दात्यांना सहसा एक चमत्कारिक विनंती केली जाते : शिबिरात रक्त देऊ नका, आम्ही बोलावू तेव्हा या. एरवी रक्तपेढ्या दात्यांच्या मागे असतात; यांना मात्र थांबायला सांगतात. यांच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही, एचही नाही, त्यामुळे आरएच जुळत असेल तर त्या कुठल्याही गटाच्या माणसाला चालू शकतात. स्वतःला घ्यायची वेळ आली तर मात्र फक्त आपल्यासारख्याचंच रक्त. देण्याला सगळं जग आणि घेण्याला मूठभर माणसं. म्हणून त्या मूठभरांसाठी राखून राहायचं. वजन, हिमोग्लोबिन जपायचं, फोन बंद ठेवायचा नाही आणि तो वर्षभर वाजला नाही तरी आपण यादीत आहोत हे विसरायचं नाही.

आता यादी सांभाळणाऱ्याकडे फोन येतो तेव्हा काय होतं, ते पाहू. “आम्ही लगेच माणूस पाठवतो” असं तो म्हणत नाही. तो विचारतो : गट कुणी ठरवला? अँटी-एच लावून पाहिलं का? रुग्णाचा रक्तद्रव ओच्या पेशींवर टाकून उलटी चाचणी केली का? अनेकदा रक्त न जुळण्याचं कारण दुसरंच निघतं आणि शोध तिथेच संपतो. गट पक्का असेल तर पुढचे प्रश्न : हिमोग्लोबिन किती? शस्त्रक्रिया आजच करायची की पंधरा दिवस थांबता येईल? थांबता येत असेल तर लोहाच्या उपचाराने हिमोग्लोबिन वाढवता येतं. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णांचं स्वतःचंच रक्त काढून ठेवता येतं. भावंडं तपासली? एवढं झाल्यावर तो यादी उघडतो. जवळ कोण आहे, शेवटचं रक्त कुणी कधी दिलं, सध्या ताप किंवा औषध चालू नाही ना. दोन पिशव्या हव्या असतील तर तो दोघांना बोलावतो, तिसऱ्याला तयार राहायला सांगतो आणि बाकीच्यांना फोन करत नाही.

मग सगळं जमिनीवर उतरतं. दाता आपल्याच गावच्या रक्तपेढीत जातो आणि थंड पेटीतली पिशवी प्रवास करते, किंवा तो स्वतः रात्रीची एसटी पकडतो. कुणीतरी साहेबांकडून सुट्टी मागतं, कुणीतरी दुकानाचं शटर लवकर ओढतं. शेवटी कामाला येतो तो हात, सुई आणि बर्फाची पेटी. इंटरनेटने केलं ते एवढंच, की कुणाच्या घराची कडी वाजवायची ते सांगितलं. काम झालं की यादीत तारखेची नोंद होते आणि निरोप जातो : रक्त मिळालं, आता कुणी निघू नका. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हा शेवटचा निरोप.

असाच अनुभव आपण सगळ्यांनी २०२१च्या एप्रिल-मेमध्ये घेतला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन सिलिंडरचे, खाटांचे नंबर फोनवरून फोनवर वाहत होते आणि त्यातले कितीतरी उचललेच जात नव्हते. तेव्हा खरा आधार झाली ती घरात बसून एकेका नंबरवर फोन करणारी तरुण मुलं. ती नंबरापुढे लिहीत : ‘आत्ता तपासलं, संध्याकाळी ६.१०, दोन सिलिंडर आहेत.’ ती वेळ लिहिलेली असे म्हणून लोक त्या नंबरावर विसंबत.

परक्यासाठी कळवळा आपल्याकडे कमी नाही. निरोपांचा पूर पाहिला तरी ते कळतं. कमी पडतात त्या कळवळ्याची वही ठेवणारी माणसं. तेव्हा पुढच्या वेळी रक्ताचा निरोप आला तर पुढे पाठवण्याआधी एक फोन करा. गरज खरी आणि आजची असेल तर रुग्णालय, तारीख, वेळ आणि किती पिशव्या हे लिहून मगच पाठवा. गरज संपली की ज्यांना पाठवलं त्यांना तसं कळवा. शासनाच्या ई-रक्तकोष या संकेतस्थळावर रक्तपेढ्यांतला साठा दिसतो. निरोप लिहिण्याआधी तिथेही पाहून घ्या.

आणि तुमच्या कार्डावर ‘ओ’ असेल तर पुढच्या रक्तदानाच्या वेळी रक्तपेढीत विचारा, की उलटी चाचणी ओच्या पेशींवरही केली का? जवळजवळ प्रत्येक वेळी काहीच वेगळं निघणार नाही. एखाद्या वेळी टेक्निशियन नळी दिव्यापुढे धरून दोनदा बघेल, मग तुमचा फोन नंबर नीट लिहून घेईल आणि म्हणेल, “आज रक्त नको. बोलावू तेव्हा या.”

(पुढच्या आठवड्यात : पालखीच्या वाटेवरची गावं आणि हजारो अनोळखी माणसांच्या जेवणाचा हिशोब)