शुभेच्छांवर शिक्कामोर्तब

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली जातात. स्वयंपाकघरात चकलीचे घाणे निघत असतात आणि बाहेर कार्डांचे. शाईचे पॅड, दहा-बारा रबरी ठसे, मार्करचा डबा, मापात कापलेला जाड कागद, पट्टी आणि कटर, एवढीच सामग्री. एक जण पणतीचा ठसा उमटवतो, दुसरा ज्योतीत रंग भरतो, तिसरा आत चार ओळी लिहितो. रात्रीपर्यंत तीस-चाळीस भेटकार्डे वाळत पडतात. पणती सगळ्यांवर तीच, तरी एकही कार्ड दुसऱ्यासारखे नसते.

या छंदाला गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बरे दिवस आले आहेत. ऑनलाइन दुकानांमुळे परदेशी ठसे आणि मार्कर घरपोच मिळतात. म्हणून हे सारे बाहेरून आलेले फॅड आहे, असा समज होतो. मला तो पटत नाही. ठसा उमटवून शब्दाला वजन देण्याची रीत मराठी माणसाला शतकांपासून ठाऊक आहे, आणि नाशिकला तर तिच्याशी खास नाते सांगता येते.

मुद्रा, शिक्का, मोर्तब

आपली भाषाच याची साक्ष देते. छपाईला आपण ‘मुद्रण’ म्हणतो, ते मुद्रेवरून. एखादी गोष्ट पक्की झाली की तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले म्हणतो. शिवकालीन आणि पेशवेकालीन मोडी पत्रांत माथ्याकडे शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. पत्र इथे पुरे झाले, यापुढे कुणी काही घुसडलेले नाही, असे ते मोर्तब सांगे. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत राजमुद्रा सर्वांना माहीत आहे; पत्राच्या शेवटी उमटणारी मर्यादेची छोटी मुद्राही तितकीच महत्त्वाची होती. धातूच्या शिक्क्याला शाई लावून कागदावर दाबायचे, ही कृती आज आपण टेबलावर करतो तिच्याहून फार निराळी नव्हती.

दरबाराबाहेरही ठसे होतेच. वैष्णव अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा उमटवतात. पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठतात. उंबरठ्याशी लक्ष्मीची पावले उमटवायला रांगोळीचे छाप बाजारात मिळतात. शाळेत चित्रकलेच्या तासाला ‘ठसेकाम’ असे. आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवून कागदावर टेकवली की पाकळ्यांचे फूल उमटायचे, आणि अर्ध्या बटाट्यावर कोरलेले पान वहीभर पसरायचे. ज्याला चित्र काढता येत नव्हते त्याचेही पान त्या दिवशी भिंतीवर लागायचे. ठशाचा हा मोठा गुण आहे. रेघेची भीती तो काढून टाकतो.

लंडनचे कार्ड आणि दंतवैद्याची भट्टी

छापील भेटकार्डाचा इतिहास सांगताना १८४३ सालचे लंडनचे कार्ड आठवतात. हेन्री कोल या गृहस्थांना नाताळात पत्रांची उत्तरे लिहायला वेळ नव्हता. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या हजारभर प्रती छापल्या आणि उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकल्या. यातली महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. छापल्या होत्या त्या नुसत्या रेषा. रंग प्रत्येक प्रतीत हाताने भरला होता. रेषा ठशाची आणि रंग हाताचा, ही आपल्या टेबलावरची पद्धत त्या पहिल्या नाताळकार्डाइतकी जुनी आहे.

रबरी ठसा त्यानंतर आला. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडकत असे. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी ते पक्के करण्याची रीत सापडली आणि १८४४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. १८६० च्या दशकात तिथे रबरी शिक्के तयार होऊ लागले. सुरुवातीच्या कारागिरांनी त्यासाठी दंतवैद्यांकडची, कवळीचे रबर भाजायची छोटी भट्टी वापरली. अक्षरे जुळवायची, त्यांचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा आणि त्यात रबर दाबून भाजायचे. आपल्याकडच्या शिक्केवाल्यांनीही कित्येक वर्षे याच रीतीने काम केले.

नाशिकरोडचा छापखाना

आता नाशिकचे नाते. पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीत छापून जहाजाने येत. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२६ पासून पंचम जॉर्जची तिकिटे इथे छापली जाऊ लागली. १९३१ मध्ये नवी दिल्ली राजधानीच्या उद्घाटनाची सहा चित्रमय तिकिटे इथलीच. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. साडेतीन आण्यांच्या त्या तिकिटावर तिरंगा आणि देवनागरीत ‘जय हिंद’ अशी अक्षरे आहेत. तेही नाशिकला छापले गेले. १ जुलै १८७९ रोजी सुरू झालेले पोस्टकार्ड आणि २ ऑक्टोबर १९५० रोजी आलेले अंतर्देशीय पत्र यांचीही छपाई पुढे याच गावाने पाहिली. देशभरात कुणीही कुणाला खुशाली कळवली की त्या पाकिटाच्या कोपऱ्यात नाशिकची शाई असायची. घरात कुणी ‘प्रेसमध्ये’ आहे म्हटले की नाशिकरोडला पुढे काही विचारावे लागत नसे.

छपाईच्या चित्रांशी या जिल्ह्याचे आणखी एक नाते आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि रंगीत छपाई याच धंद्यात होते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला होता. रेषेत रंग भरून ती घरोघर पोचवायची, हे काम त्यांच्या हातांनाही ठाऊक होते.

कार्डांचे दिवस

मराठी घरात भेटकार्डाचा खरा सण संक्रांत. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे छापलेले लहानसे कार्ड आणि पाकिटात काटेरी हलव्याचे चार दाणे, एवढ्यावर दूरच्या नातेवाइकांशी वर्षभराचे बोलणे होई. पाकीट उघडताना दाणे सांडू नयेत म्हणून मुले ओंजळ धरून बसत. दसऱ्याला पाकिटातून आपट्याचे पान जाई. दिवाळीच्या कार्डाला मोठ्या दुकानांचे दिवस आले ते नंतर. १९७९ मध्ये दिल्लीत भेटकार्डांची आर्चीज कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या सहा मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर मुलांच्या हक्कांसाठी ‘क्राय’ ही संस्था काढली आणि निधीसाठी भेटकार्डे विकली. कित्येक मराठी घरांत दिवाळीला ‘क्राय’चीच कार्डे घ्यायची असा नेम होता.

मग घरोघर फोन आले, मोबाइल आले आणि एकाच बोटाने दोनशे जणांना तेच चित्र पाठवण्याची सोय झाली. दुकानांतले कार्डांचे उभे स्टँड मागे गेले. छापील कार्ड मागे पडले याचे मला फारसे दुःख नाही. त्यातल्या इंग्रजी कविता आपल्या नव्हत्याच. दुःख याचे आहे की आपल्यासाठी कुणी वेळ काढला, हे कळण्याची एक खूण गेली. हाताने केलेले कार्ड ती खूण परत आणते.

शाईचा धडा

पहिल्या वर्षी मी घरातले जांभळे स्टॅम्प पॅड घेतले. पणती झकास उमटली. वरून पिवळा मार्कर फिरवला आणि ज्योत जांभळी झाली. मार्करचे टोकही कायमचे मळले. तेव्हा कळले की या कामात सगळ्यांत आधी शाई समजून घ्यावी लागते.

नियम सोपा आहे. ज्या द्रवात मार्करचा रंग आहे, त्यात रेषेची शाई विरघळता कामा नये. अल्कोहोल मार्कर वापरायचे तर पाण्यावरची, त्यासाठीच बनवलेली डाय शाई घ्यावी आणि ती पुरती सुकू द्यावी. स्केचपेन किंवा जलरंग वापरायचे तर पाण्याला दाद न देणारी शाई हवी. सॉल्व्हंटवरची शाई जलरंगाखाली टिकते, पण अल्कोहोल मार्करखाली फिसकटते. पिगमेंट शाई कागदावर बसते आणि सावकाश सुकते. ती ओली असतानाच सोनेरी एम्बॉसिंग पावडर टाकून गरम हवा दिली की रेषा उठून येते. लग्नपत्रिकेवर बोटाला लागणारी फुगीर अक्षरे अशीच होतात.

मार्करांत नाव घेतले जाते ते १९८७ मध्ये जपानमध्ये आलेल्या कॉपिकचे. त्यात ३५८ रंग, बदलता येणारी टोके आणि पुन्हा भरता येणारी शाई आहे. ते महाग आहेत, हे खरेच. आता ब्रस्ट्रोसारखे स्वस्त पर्यायही बाजारात आहेत. अल्कोहोल लवकर उडते, म्हणून कागद फुगत नाही. रंग ओला आहे तोवर शेजारचा रंग त्यात मिसळतो, म्हणून पट्टे दिसत नाहीत. आधी फिकट, मग कडेला गडद, मग सांध्यावर पुन्हा फिकट, हा क्रम हाताला बसला की पणतीला गोलाई येते. एका रंगाच्या तीन छटा असल्या तरी पुरे. मार्करचा रंग कागदाच्या पाठीमागे उतरतो, म्हणून चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवून कार्डावर चिकटवावे आणि काम करताना खिडकी उघडी ठेवावी.

साध्या स्केचपेननेही छान कार्डे होतात. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना रंग पुरवले. पाण्यावरचा रंग एकाच जागी घासला की कागदाला लव सुटते, एवढे ध्यानात ठेवावे. कार्डासाठी अडीचशे ते तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत कागद घ्यावा. हातकागद हवा असेल तर पुण्याच्या हातकागद संस्थेची परंपरा १९४० पासूनची आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही गावे त्याच्याही कितीतरी आधीपासून कागदासाठी प्रसिद्ध होती. खरबरीत हातकागदावर बारीक रेषा तुटते. तो पाठीमागच्या थरासाठी वापरावा.

ठसा पॅडवर घासू नये, हलके टेकवावा. कागदाखाली दोन-तीन वर्तमानपत्रे ठेवावीत, सरळ दाबावे, डोलवू नये. एकामागे एक पणत्या हव्या असतील तर पहिली उमटवून झाली की तिच्या आकाराचा पातळ कागद कापून तिच्यावर झाकावा आणि दुसरी उमटवावी. ती आपोआप मागे जाते.

आपले ठसे

माझे खरे सांगणे इथे आहे. बाजारात मिळणाऱ्या ठशांवर रेनडिअर असतात, बर्फातली घरे असतात, गुलाबाची फुले असतात. आपली पणती, आपला आकाशकंदील, आपले किल्ले क्वचित दिसतात. हे आपणच बदलू शकतो, कारण शिक्केवाला प्रत्येक गावात आहे. कोर्ट-कचेरीच्या आसपास बसून तो ‘सत्यप्रत’ आणि ‘मुख्याध्यापक’ असे शिक्के करून देतो. काळ्या शाईने काढलेले रेषाचित्र त्याला दिले की तो त्याची निगेटिव्ह काढतो, काचांमध्ये द्रव पॉलिमर ओततो, अतिनील प्रकाश देतो. प्रकाश लागलेला भाग घट्ट होतो आणि उरलेला धुऊन जातो. काही मिनिटांत ठसा तयार. मी पहिल्यांदा चित्र घेऊन गेले तेव्हा शिक्केवाल्या काकांनी ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, “ताई, रेघ जरा जाड करून आणा. बारीक रेघ धुताना उडून जाते.” तो सल्ला मी आजही पाळते. ठसा वापरून झाला की ओल्या फडक्याने पुसावा आणि उन्हापासून जपावा.

नाशिकमध्ये काय कोरावे याला तोटा नाही. नारोशंकराची घंटा, काळारामाचे शिखर, रामकुंडाच्या पायऱ्या, पांडवलेणीचे खांब, द्राक्षाचा घड. येवल्याच्या पैठणीवरचा मोर आणि संक्रांतीचा येवल्याचा पतंग. चित्रकार शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रे पाहिलेल्या गावाला गोदाघाट रंगात कसा दिसतो, हे सांगावे लागत नाही. आणि रंगाविषयी तर नाशिककराला कुणी शिकवू नये. रंगपंचमीला इथल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनि चौक ही नावे घेतली की डोळ्यांपुढे रंग येतात. तेच रंग मार्करच्या टोकाशी येऊ द्यावेत.

शाळांनाही एक सुचवावेसे वाटते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी जरूर व्हावी; पण जी मुले तिकडे जात नाहीत त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीआधी एक तास ठसेकामाला द्यावा. गावातल्या देवळाचा किंवा वाड्याचा एक ठसा वर्गासाठी करून घ्यावा आणि प्रत्येकाने त्यात आपला रंग भरून आजी-आजोबांना कार्ड पाठवावे. पत्ता लिहिणे, पिनकोड टाकणे, तिकीट चिकटवणे हेही त्याच तासात शिकून होईल.

शेवटी एक हिशेब करून पाहा. तीनशे जीएसएमच्या ए-फोर कागदाचे वजन सुमारे एकोणीस ग्रॅम, म्हणजे अर्ध्या कागदाची घडी घालून केलेले कार्ड साडेनऊ ग्रॅमचे. पाकीट धरून ते पंधरा ग्रॅमच्या आत बसते. वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला पाच रुपयांचे तिकीट लागते. तेव्हा या दिवाळीला निदान एक कार्ड स्वतः करा, आत आपल्या अक्षरात दोन ओळी लिहा आणि पेटीत टाका. हलव्याचे चार दाणे संक्रांतीला पाठवाल, तेव्हा तेही त्याच वजनात बसतील.