स्वस्त बोर्ड आणि चोरीचा आळ

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत एखादा हौशी विद्यार्थी आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट-बोर्डाच्या नमुन्यावर बेतलेला स्वस्त बोर्ड घेतो, तेव्हा भोवतालची जाणती म्हणविणारी मंडळी ‘हा चोरीचा माल’ असा निकाल देऊन मोकळी होतात. आणि हा निकाल इतक्या ठामपणे व इतक्या वेळा कानी येतो, की त्याची एकदा शहानिशा करणे अगत्याचे झाले आहे.

2005 साली इटलीतील इव्ह्रेआ येथे ज्यांनी आर्डुइनो प्रकल्प आरंभिला, त्यांनीच बोर्डाचे आराखडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले केले; मूळ कर्त्याचे श्रेय नमूद करून आणि स्वतःचे फेरफार त्याच अटींवर इतरांस देऊन कोणीही तसा बोर्ड बनवावा व विकावा, अशी ती मुभा आहे. खुद्द धन्याने दिलेल्या परवानगीचा उपयोग करणाऱ्यावर चोरीचा आळ घेणे हा कुठला न्याय? राखीव आहे ते केवळ नाव आणि बोधचिन्ह. ते छापून दुसरा कोणी विकू लागला, तर तो निःसंशय तोतया होय.

बोर्ड हाती घेऊन पाहावा. यूएसबीच्या खोबणीमागे मूळ उनो आर-3वर संगणकाशी संवाद साधणारी एटीमेगा 16यू2 ही चिप असते, तर स्वस्त बोर्डावर बहुधा सीएच340. ती स्वतःच्याच नावाने विकली जाते आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये आहे. मुख्य चिपेवर एटीमेगा 328पी ही अक्षरे वाचून घ्यावीत. तेवढी असली, की 32 किलोबाइट फ्लॅश आणि 2 किलोबाइट रॅम दोहोंकडे सारखीच. काटकसर होते ती बहुतकरून व्होल्टेज रेग्युलेटरवर आणि सोल्डरिंगवर, म्हणून अशा बोर्डाला शक्यतो यूएसबीतूनच 5 व्होल्ट द्यावेत.

खरी बनावट कशी असते, ते ऑक्टोबर 2014 मध्ये दिसले. एफटीडीआय कंपनीच्या, यूएसबी जोडणीसाठीच्याच चिपांची नावासकट नक्कल बाजारात फिरत होती. विंडोज अपडेटमधून आलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरने त्या नकलांचा उत्पादन-क्रमांकच शून्य करून टाकला, आणि ज्यांना या नकलेची वार्ताही नव्हती अशा ग्राहकांची उपकरणे संगणकाला ओळखू येईनाशी झाली. गदारोळ उठल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

अशाच आणखी दोन समजुती तपासून पाहाव्यात. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक संपूर्णपणे खुले हार्डवेअर आहे, ही समजूत चुकीची. त्याचे सगळे आराखडे प्रसिद्ध झालेले नाहीत. तसेच ईएसपी8266 या वाय-फाय चिपेला सोबत आर्डुइनो लागतोच असे नाही. प्रोग्राम तिच्यावरच चालतो.

खुलेपणाचा लाभ राउटरलाही मिळतो; म्हणून जुना राउटर भंगारात काढण्यापूर्वी त्यावर एखादी खुली प्रणाली चालते का, ते पाहावे. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली 2004 मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरसाठीच उभी राहिली. तथापि 4 मेगाबाइट फ्लॅश आणि 32 मेगाबाइट रॅमचा राउटर नव्याने विकत घेऊ नये, असे तो प्रकल्प स्वतःच बजावतो; आणि राउटर उघडून सिरीयल पिना जोडताना त्या बहुधा 3.3 व्होल्टच्या असतात हे ध्यानी ठेवावे, कारण 5 व्होल्टचा अडॅप्टर लावल्यास चिप कायमची निकामी होऊ शकते.