एकोणनव्वद की नवासी?

तुंगार्लीतल्या एका घरी आम्ही बसलो होतो. अम्मीने दुसरीतल्या मुलीला हिशेब लिहायला सांगितला, “नवासी रुपये.” मुलीने लिहिले ९९. अम्मी रागावली, “इतना भी नहीं आता?” आम्हाला मात्र ती चूक ढिलाईची वाटली नाही. शाळेत मुलगी ‘नव्याण्णव’ शिकली होती. ‘नव’ कानावर पडताच तिने तोच आकडा धरला.

एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत मराठी आणि उर्दूची रीत एकच आहे. पुढच्या दशकातून एक उणा करायचा : एकोणतीस, उनतीस. ८९ला मात्र वाटा फुटतात. मराठी ‘एकोणनव्वद’ म्हणते, उर्दू ‘नवासी’, म्हणजे ऐंशी आणि नऊ. ९९ला दोन्ही भाषा उणे सोडतात. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेले मूल नेमके इथे अडखळते.

मराठी घरांतल्या मुलांनाही हे सोपे नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा वाद विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की जोडाक्षरांचे संख्याशब्द मुलांना जड जातात. ‘त्र्याण्णव’ लिहून पाहा, म्हणजे पटेल. कानडीत आधी दशक, मग एकक येते. इंग्रजीतही एकवीसपासून तसेच. अरबीत उलट, ‘पाच आणि वीस’. इंग्रजी ‘फोर’मधला ‘यू’ ‘फॉर्टी’त गळतो, त्याचेही कारण मूल विचारतेच.

उणे करून मोजणे आपल्याला परके नाही. अल्लाहच्या नावांविषयीच्या हदीसमध्ये नव्याण्णव सांगून पुढे ‘एक कमी शंभर’ असेही म्हटले आहे. कुरआनात हजरत नूह (अलै.) यांचा काळ हजार वर्षांत पन्नास कमी असा येतो. मराठीतला ‘एकोण’ याच रीतीचा.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मूल चुकले तर आधी विचारा, “तू काय ऐकलेस?” मग काड्यांचे दहा-दहाचे आठ गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या समोर ठेवा. मुलाला मोजू द्या, ८९ लिहू द्या आणि दोन्ही नावे मोठ्याने म्हणू द्या. आणखी एक काडी ठेवली की नव्वद होतात, हे त्याला दिसेल, आणि ‘एकोण’चा अर्थही कळेल. दोन भाषांत मोजणाऱ्या मुलाला ‘गणितात कच्चा’ म्हणण्याची घाई करू नका.