छुपे चाहते, उघडे चाहते

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर गेली. म्हणजे वाचणारे किती असतील! तरी त्यांचा ‘काळा पहाड’ अनेक घरांत पाठ्यपुस्तकाच्या आत लपवून वाचला जाई. उलट बालगंधर्वांचा चाहता भर नाट्यगृहात ‘वन्स मोअर’ ओरडे. आवड दोघांचीही तितकीच तीव्र. चारचौघांत तिला किंमत काय, एवढाच फरक. अभिरुचीतून माणूस आपली सामाजिक पायरीही दाखवत असतो, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ च्या ग्रंथात मांडलं. वडीलधाऱ्यांनी ‘हलकं’ ठरवलेलं मग उशीखाली जातं.

खेळात मात्र प्रतिष्ठा दर सामन्याला बदलते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतली निरीक्षणं प्रसिद्ध केली. फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव मिरवणारे कपडे जास्त विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसत. बोलतानाही विजयाच्या वेळी ‘आपण’, पराभवाच्या वेळी ‘ते’. (क्रिकेटवेड्या मराठी घरांना हे नवीन नाही.) पराभवानंतरही संघाचा टी-शर्ट घालणारा चाहता असतोच, निष्ठा हीच त्याची मिरवण्याची गोष्ट असते.